खुर्ची सुटली की दफ्तरही सुटले पाहिजे

साध्या तलाठ्याची बदली झाली, तरी तो दफ्तराची यादी करतो, नव्या माणसाची सही घेतो आणि मगच चार्ज सोडतो. मंत्री किंवा पंतप्रधान पायउतार होताना हीच शिस्त आपण आग्रहाने का मागत नाही, हे मला कळत नाही.

अमेरिकेत १९७८ पर्यंत राष्ट्राध्यक्षांचे कागद ही त्यांची खाजगी मालमत्ता मानली जात असे. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिल्यावर त्यांच्या कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफिती त्यांच्याच हाती जातील आणि नष्टही होतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा तेथील काँग्रेसने, म्हणजे संसदेने, त्या सरकारी ताब्यात ठेवणारा कायदा केला. पुढे १९७८ च्या कायद्याने असे कागद राष्ट्राचे ठरवले आणि मुदत संपताक्षणी त्यांचा ताबा राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाईल अशी तरतूद केली. तरीही ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील निवासस्थानातून जानेवारी २०२२ मध्ये १५ खोकी परत आणावी लागली आणि त्याच ऑगस्टमध्ये तेथे झडती घेण्याची वेळ आली, कारण कायदा असला तरी खोकी बांधताना दारात हातात यादी घेऊन उभा राहणारा अधिकारी लागतोच.

आपल्याकडे सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे. अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे आणि संगणकावर तयार झालेला मजकूरही त्याच्या व्याख्येत बसतो. मात्र तो केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या संस्थांपुरता आहे, राज्य सरकारांना लागू नाही. शिवाय नेत्याचे खाजगी पत्र कुठे संपते आणि राज्यकारभाराचा कागद कुठे सुरू होतो, हे पद सोडताना कोणी ठरवायचे, याची ठाम पद्धत आपण घालून दिलेली नाही. २००८ मध्ये दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातून, म्हणजे नेहरूंच्या स्मारक संग्रहालय व ग्रंथालयातून, नेहरूंच्या कागदांची ५१ खोकी सोनिया गांधींकडे गेली, आणि ती कुटुंबाची की देशाची, हा वाद अजून मिटलेला नाही. मला यात पक्षाचे राजकारण आणायचे नाही. कोणत्याही पक्षाच्या घरी असा प्रसंग उद्या उभा राहू शकतो.

आम्हा बडोदेकरांना दफ्तराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, गादीचा अधिकार गेला. पण कारभाराचे दफ्तर सरकारच्या ताब्यात राहिले, म्हणूनच आज कोठीच्या अभिलेखागारात सयाजीरावांच्या काळाचा अभ्यास करता येतो. नाना फडणवीसांचे कागद मात्र मेणवलीच्या वाड्यात राहिले आणि पारसनीसांसारख्या ध्यास घेतलेल्या संग्राहकामुळे अभ्यासकांसमोर आले. पेशवाईच्या मुख्य कारभाऱ्याचे दफ्तर असे नशिबावर सोडले जावे, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझी मागणी अशी की पद सोडण्याच्या दिवशीच अभिलेख अधिकाऱ्याने यादी करावी, खाजगी म्हणून वगळलेल्या प्रत्येक कागदाचे कारण लिहावे आणि मोबाइलवरून दिलेले सरकारी आदेशही त्याच यादीत घ्यावेत. अमेरिकेत २०१४ पासून खाजगी खात्यावरून केलेल्या सरकारी पत्रव्यवहाराची प्रत २० दिवसांच्या आत अधिकृत खात्यात जमा करावी लागते. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी निदान एवढा नियम मंत्र्यांसाठी याच विधानसभेच्या मुदतीत करावा.