साडेसात लिटरची पंचाईत

खानदेशात ट्रॅक्टर एकाचा असतो, पण त्यात ऑईल कोणतं टाकायचं हे ठरवायचा हक्क सगळ्या गल्लीचा असतो. ट्रॅक्टरचा हप्ता थकला तर माणसं विषय टाळतात, टायर गुळगुळीत झाले तर मान दुसरीकडे वळवतात. पण अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर ओट्यावर बसून तुम्ही "औंदा ऑईल बदलायचं म्हणतो" एवढं पुटपुटा, समोरच्या घराचं दार उघडतं. मागोमाग बाजूचं. मग चहा ठेवावाच लागतो.

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल अखाजीला संपतं आणि अखाजीलाच नवं सुरू होतं. त्याच मुहूर्तावर ट्रॅक्टरचं ऑईल बदलायचं, ही वडिलांनी घालून दिलेली रीत. कंपनीचं पुस्तक अखाजी मानत नाही, ते तास मानतं. नव्या ट्रॅक्टरला पहिल्यांदा ५० तासांत आणि पुढे साधारण दर २५० तासांनी ऑईल आणि फिल्टर बदला, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. त्यासाठी स्टेअरिंगसमोर तासांचं मीटर दिलेलं असतं. आमचं मीटर एका पोळ्याला जे थांबलं ते थांबलंच. त्याच्या हिशोबानं आमचा ट्रॅक्टर कित्येक वर्षांत वावरात गेलेलाच नाही. मग तास काढायचे डिझेलवरून: रोटाव्हेटर किती पितं, नांगर किती पितो, ट्रॉली रिकामी किती आणि कापसाची भरलेली किती, शिवाय सालदार सासुरवाडीला ट्रॅक्टर घेऊन गेला ते कोणत्या खात्यात धरायचं. मी शाळेत गणित शिकवतो. हे उदाहरण मी आजवर एकाही वर्गाला घातलेलं नाही.

नानांना, म्हणजे माझ्या काकांना, हा भागाकार मान्य नाही. त्यांची पद्धत बोटांची. गेज, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, ओढायचं, त्यावरचं ऑईल अंगठा आणि तर्जनीत चोळायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे. "काळं व्हयनं. बदल."

आता डिझेल इंजिनातलं ऑईल काळं होणारच. नवंकोरं टाका, एक वावर नांगरून या, ते काळंच निघेल. डिझेल जळताना काजळी होते. ती काजळी भिंतींना चिकटू न देता, गोळे होऊ न देता स्वतःत धरून ठेवणं हेच त्या ऑईलचं काम. काळं पडलं याचा अर्थ ते कामाला लागलं. भ्यायचं ते पांढुरकं आणि फेसाळ दिसलं तर, कारण मग आत पाणी शिरलेलं असतं. किंवा न टाकताच गेजवर पातळी चढली तर, कारण मग डिझेल उतरत असतं. हे मी नानांना समजावून सांगितलं. नानांनी पूर्ण ऐकून घेतलं, धोतराला बोटं पुसली आणि म्हणाले, "तू मास्तर शेस, मिस्तरी नही."

नानांचा पक्ष चाळीस नंबरचा. नंबर म्हणजे ऑईलच्या घट्टपणाचा आकडा. "चाळीस नंबर टाक, बाकी बठ्ठं खोटं शे." त्यांच्या काळात ऑईल एकाच आकड्याचं यायचं. ते तापल्यावर बरोबर असायचं, पण पौषातल्या पहाटे इतकं घट्ट व्हायचं की स्टार्टर नुसता कण्हायचा. धुळ्या-अमळनेरकडे थंडी पडते तेव्हा पारा १० च्या खाली सहज येतो. यावर नानांनी इलाज काढला होता: ट्रॅक्टर कायम उतारावर लावायचा आणि सकाळी ढकलून गिअरमध्ये सोडायचा. त्या इलाजापायी आमच्या घराण्याची पुढची सगळी आखणी उतार बघून झाली. गोठा उताराला, खळं उताराला, आणि बहिणीच्या लग्नाचा मांडवही उताराला पडला. जेवणाच्या पंगतीत वरण सगळं एका बाजूला जायचं ते या चाळीस नंबरमुळे.

शेजारचे जिभाऊ उलट्या बाजूचे. त्यांना थंडीची फिकीर नाही, त्यांना ऊन दिसतं. "आपलाकडे उन्हाया कितला तपस! पातय ऑईल टाकशी ते पानी व्हई जाई." म्हणून उन्हाळ्यात पन्नास नंबर टाकावं, असं त्यांचं मत. भुसावळचा पारा ४५ च्या वर गेल्याची बातमी ते या मुद्द्याचा पुरावा म्हणून मोबाइलवर दाखवतात. जिभाऊंचा जीव ट्रॅक्टरसाठी तुटतो, हे खरं आहे. पण इंजिनाला बाहेरच्या ४५ चं काय अप्रूप? आत ज्वाळा पेटलेल्या असतात, आणि ऑईलवर "१५ डब्ल्यू ४०" असं जे छापतात, त्यातला ४० मुळात १०० अंशांना मोजलेल्या घट्टपणाचा असतो. आधीच्या आकड्याला जो डब्ल्यू चिकटलेला असतो, तो हिवाळ्याचा. १५ डब्ल्यूची गारठ्यातली परीक्षा उणे २० अंशांना घेतात. आमच्याकडे उणे २० अंश थंडी पडली तर ट्रॅक्टर सुरू करायला कोणी उठणारच नाही. पण गारठ्यात लवकर वाहणारं ऑईल १० अंशांनाही इंजिनाच्या माथ्यापर्यंत लवकर पोचतं, आणि इंजिनाची खरी झीज सुरू करतानाच्या त्या पहिल्या क्षणांत जास्त होते. म्हणजे १५ डब्ल्यू ४० हे सकाळी पातळ आणि तापल्यावर नानांचं चाळीस. एकाच डब्यात दोन्ही. हे जिभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "आस कसं व्हई भो? एक काही ते खोटं शे."

खरं तर या सगळ्याचा निकाल ट्रॅक्टरच्या पुस्तकात आहे. पुस्तक घरातच होतं आणि अत्यंत सुरक्षित होतं, कारण मायनं ते ट्रॅक्टर आणला त्या दसऱ्याला देव्हाऱ्यात ठेवलं होतं. तेव्हापासून दर दसऱ्याला त्याची पूजा होते, आणि पूजेला ते नेमक्या मधल्या पानावर उघडून ठेवतात, म्हणजे लक्ष्मीला सगळं दिसावं. मधल्या पानावर वंगणाचा तक्ता आहे. मी उघडला तेव्हा गिअरबॉक्सची ओळ हळदीखाली होती आणि इंजिनाच्या ओळीवर कुंकवाचा सुकलेला थर. नखानं खरवडायला गेलो तर माय ओरडली. शेवटी उजेडाला धरून पाठीमागून वाचलं: १५ डब्ल्यू ४०, सीएच-४ किंवा वरचं.

हे "किंवा वरचं" फार घातक. तिथूनच दुकान सुरू होतं.

तालुक्याच्या दुकानात ऑईलची भिंत असते. पिवळे डबे, लाल डबे, काळ्या बादल्या, प्रत्येकावर आकाशात झेपावणारा ट्रॅक्टर. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ऑईलच्या प्रतीची, सीएच-४ वगैरेची, ती खरी ओळ असते, आणि ती वाचायला डबा फिरवला की दुकानदाराच्या कपाळावर आठी येते. पहिलं अक्षर एस असेल तर ते पेट्रोल इंजिनाचं, सी असेल तर डिझेलचं. बऱ्याच डब्यांवर दोन्ही असतात. तेव्हा आपण सीकडे बघायचं. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑईल नव्या जमान्याचं: सीएफ-४ आलं १९९० मध्ये, सीएच-४ १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये, सीके-४ २०१६ च्या शेवटी. मागचं ४ म्हणजे चार स्ट्रोकचं इंजिन. माझ्या शेजारी उभा असलेला एक गृहस्थ ते ४ म्हणजे चार नंबरचा माल समजून एक नंबर मागत होता, आणि दुकानदार त्याला तो द्यायलाही तयार होता.

मिस्तरीनं आधीच फोन करून दुकानदाराला एका कंपनीचं नाव सांगून ठेवलं होतं. त्या डब्याच्या झाकणाखाली मिस्तरीसाठी कूपन असतं. मला कूपनाबद्दल तक्रार नाही, मिस्तरीलाही लेकरंबाळं आहेत. तेवढ्यात पुण्याच्या भाच्याचा फोन. तो स्वतःच्या गाडीत जे टाकतो तेच ट्रॅक्टरला टाकावं, पूर्ण सिंथेटिक, ५ डब्ल्यू ३०, एसएन, असा त्याचा आग्रह. भाचा हुशार आहे, पण त्याची गाडी पेट्रोलची आहे आणि तिनं आजवर ओढलेलं सगळ्यात मोठं वजन म्हणजे त्याची सासू. पेट्रोलच्या ऑईलला एवढी काजळी पोसायची सवय नसते. "मामा, रिव्ह्यू बघ ना," तो म्हणत होता, तोवर रेंज गेली. आमच्या तालुक्याची रेंज कधीकधी फार समजूतदारपणे वागते.

घरून मायचा निरोप वेगळाच होता: "बादली कितली मोठी शे?" आमच्या घरात ऑईलची पारख बादलीवरून होते. दहा लिटरची बादली म्हशीच्या आंबोणाला, वीस लिटरची न्हाणीत. झाकण घट्ट बसत असेल तर त्या ऑईलसारखं ऑईल नाही. मला साडेसात लिटर पुरत होतं आणि साडेसात लिटरचा डबाच मिळत होता, पण त्याचं तोंड इतकं अरुंद की घरात त्याला किंमत शून्य. बरं, रिकामा डबा धड ठेवणंही शहाणपणाचं नाही, कारण भंगारात गेलेले चांगले डबे भलतंसलतं भरून पुन्हा फळीवर येतात. रिकाम्या डब्याला खिळा मारून भोक पाडा, असं मी घरी एकदाच सुचवलं होतं. त्यानंतर दोन वेळचं जेवण फार शांततेत झालं.

या सगळ्यावर कळस चढवला पाव्हण्यांनी. बहीण अखाजीला माहेरी आली आणि तिला पोचवायला तिचे मालक आले. ते रावेरकडचे. केळीची बागायत, घरी ५० एचपीच्या वरचा नवा ट्रॅक्टर, त्यामुळे बोलताना ते सीटवर बसल्यासारखेच बोलतात. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ चे धुराचे कडक नियम लागले. त्यांतल्या काहींच्या धुराड्यात काजळीची गाळणी असते, आणि तिच्यासाठी कमी राखेचं ऑईल लागतं. त्यांना सीके-४ टाकायला सांगितलंय, म्हणून आम्हीही सीके-४ टाकावं, असं पाव्हण्यांचं म्हणणं. आमच्या जुन्या ४२ एचपीच्या धुराड्यात चिमण्यांचं घरटं होऊन गेलंय, गाळणी कसली! सीके-४ टाकलं तर बिघडणार काहीच नव्हतं, जाणार होते ते जादाचे पैसे. पण अखाजीला आलेल्या जवायाला "तुमचं ऑईल नको" म्हणणं म्हणजे त्यांच्या ताटातली खापरावरची पुरणपोळी उचलून घेण्यासारखं. बहीण आतून खिडकीतून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "पाव्हणे, तुमचं सी बरोबर आहे." ते खूष झाले.

आणलं मी १५ डब्ल्यू ४०, सीआय-४. पुस्तकाच्या मागणीपेक्षा एक पायरी वरचं, खिशाला झेपणारं. नानांसमोर डबा ठेवताना ४० आकडा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाचला, मान डोलावली, "आते कसं!" म्हणाले. जिभाऊंना सांगितलं, यात उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं दोन्ही आहे. त्यांनी "मीच सांगेल व्हतं" असं जाहीर केलं. मिस्तरीला कूपन नव्हतं, म्हणून फिल्टर त्याच्या सांगण्याचा घेतला. मायला डबा दाखवलाच नाही.

संध्याकाळी इंजिन गरम करून चेंबरचा नट सोडला. जळकं ऑईल घमेल्यात पडायला लागलं तसे गिऱ्हाईक जमले. ट्रॉलीच्या बिजागऱ्यांना, बैलगाडीच्या आसाला, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून: जळक्या ऑईलला गावात नव्यापेक्षा मागणी. एकानं ते हायड्रॉलिकमध्ये ओतायला मागितलं. तेवढं मी दिलं नाही. हायड्रॉलिकचं आणि ऑईलमध्ये बुडालेल्या ब्रेकचं ऑईल निराळं असतं, इंजिनाचं नवंसुद्धा तिथं चालत नाही, मग हे तर काजळीचं पाणी. तो रुसून गेला.

नवं टाकून झाल्यावर पातळी बघायची. पातळी बघायला ट्रॅक्टर सपाटीला पाहिजे, आणि आमच्या अंगणात सपाटी नाही, तिचं कारण वर आलंच आहे. नानांनी गेज ओढलं, कमी भरलं. जिभाऊंनी ओढलं, बरोबर भरलं. पाव्हण्यांनी ट्रॅक्टर तोंड फिरवून लावायला सांगितला आणि ओढलं, तर जास्त. शेवटी ट्रॅक्टर मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर नेला, थोडं थांबलो, आणि दोन खुणांच्या मधोमध पातळी निघाली. पुजाऱ्यांनीही एकदा गेज ओढून पाहिलं.

मग सुरू केला. सगळे कान लावून उभे. नाना म्हणाले आवाज गोड झाला. जिभाऊ म्हणाले जड झाला. पाव्हणे म्हणाले, सीके-४ असतं तर ऐकूच आला नसता. आजपासून साल सुरू झालेला नवा सालदार सीटवर चढला, मडगार्डावरच्या दोन्ही भोंग्यांचा आवाज पूर्ण वाढवला आणि अहिराणी गाण्याच्या दणक्यात नांगर घेऊन वावराकडे निघून गेला. जिभाऊ अजून काहीतरी सांगत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते.