२०१२ चा एमव्हीपी ट्राउटच होता

लेख मस्तच, पण बेसबॉलमधला २०१२ चा अमेरिकन लीग एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) माइक ट्राउटला न मिळता मिगेल कॅब्रेराला मिळाला ते बरोबरच असं एका ओळीत उरकलंय ते काही पटलं नाही. मान्य, कॅब्रेराचा ट्रिपल क्राउन (ॲव्हरेज, होमरन, आरबीआय तिन्हीत लीगमधे पहिला) म्हणजे खायचं काम नाही, .३३० बॅटिंग ॲव्हरेज, ४४ होमरन, १३९ आरबीआय (आपल्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा), १९६७ च्या यास्त्रेम्स्कीनंतर थेट हाच. पण आरबीआय हा काय एकट्याचा आकडा असतो का राव, आधीचे बॅटर बेसवर पोचले तरच मिळणार ना! ट्राउट लीडऑफला, म्हणजे सगळ्यात आधी बॅटिंगला यायचा, पहिल्या इनिंगला समोर बेस रिकामेच, कुठून आणणार तो आरबीआय? वर ४९ बेस चोरले (फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठायचा) आणि पकडला गेला फक्त ५ वेळा, सेंटर फील्डला भिंतीवर चढून होमरन अडवले (बाल्टिमोरला हार्डीचा घेतलेला तो कॅच बघाच एकदा, अख्खा हात भिंतीच्या वर), आणि हे सगळं जवळजवळ पूर्ण एप्रिल मायनर्समधे (खालच्या लीगमधे) काढून. वॉरमधे (WAR, बदली खेळाडूपेक्षा संघाला किती विजय जास्त मिळवून दिले त्याचा अंदाज) तो दहाच्या वर, कॅब्रेरा सातच्या आसपास. तरी पहिल्या क्रमांकाच्या २८ मतांपैकी २२ कॅब्रेरालाच. वॉरवर माझाही आंधळा विश्वास नाही हां, एका सीझनचा फील्डिंगचा हिशोब डळमळीतच असतो, पण तो अर्धा धरला तरी ट्राउट पुढेच राहतो.