ट्रेडमिलवरचे चालणे ‘खोटे’ नसते

गेल्या काही महिन्यांपासून एक संदेश कुटुंबांच्या, सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. ट्रेडमिलवर पट्टाच पाय मागे ओढत असल्यामुळे मेहनत निम्मी होते, असे तो सांगतो. बाहेर हवा कापत चालावे लागते म्हणून दुप्पट कॅलरी जळतात, पहाटे उपाशीपोटी चालल्यास थेट पोटावरची चरबी वितळते, ट्रेडमिलने गुडघे झिजतात, आणि रोज ४५ मिनिटे मोकळ्या हवेत चालल्यास आहारात काहीही न बदलता महिन्यात ५ किलो वजन उतरते, असेही त्यात आहे. शेवटी घरातली ट्रेडमिल विकून टाकण्याचा सल्ला दिलेला आहे. मोकळ्या हवेतल्या चालण्यावर माझे प्रेम आहे. तरीही हा संदेश खोडून काढणे मला आवश्यक वाटते, कारण ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही, त्यांना तो चालणेच सोडायला लावतो.

पहिला आक्षेप पट्ट्याचा. चालताना शरीराची ऊर्जा कशात जाते हे पाहिले की तो टिकत नाही. प्रत्येक पावलाला शरीराचा भार थोडा वर उचलला जातो, पुढचा पाय टेकताना त्याचा वेग आवरावा लागतो, मागच्या पायाने पुन्हा लोटावे लागते आणि मोकळा पाय झुलवून पुढे आणावा लागतो. ही सगळी कामे पायांखालच्या पृष्ठभागाच्या संदर्भात घडतात, भोवतीच्या भिंती किंवा झाडे यांच्या संदर्भात नव्हे. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही मागच्या टोकाकडे चालत गेलात, तर गाडी पुढे जाते आहे म्हणून पायांना अधिक किंवा कमी कष्ट पडत नाहीत. पट्ट्याचेही तसेच आहे. पट्टा ताशी ५ किलोमीटर या स्थिर वेगाने मागे जात असेल, तर त्याच्यावर जागच्या जागी राहण्यासाठी तुम्हाला ताशी ५ किलोमीटरनेच चालावे लागते. मोटर पट्टा फिरवते, तुम्हाला नाही. पावले थांबवली तर पट्टा तुम्हाला यंत्राच्या मागे उतरवून मोकळा होतो. डच संशोधक व्हान इंगेन श्चेनाउ यांनी १९८० मध्ये हे यांत्रिकीच्या आधारे मांडून दाखवले होते. त्यांची एकच अट होती, ती म्हणजे पट्ट्याचा वेग स्थिर असला पाहिजे. अगदी कमी ताकदीच्या मोटरवर टाच टेकते त्या क्षणी पट्टा किंचित मंदावतो आणि थोडा फरक पडू शकतो, परंतु त्या फरकातून ‘निम्मी मेहनत’ कधीही निघत नाही.

याचा पुरावा आपल्या जवळच्या रुग्णालयातही आहे. हृदयविकाराच्या शंकेने ज्यांची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केली जाणारी हृदयाची चाचणी झाली आहे, त्यांना आठवत असेल की सुरुवातीला पट्टा अगदी हळू, ताशी सुमारे २.७ किलोमीटरने फिरतो, पण तो १० टक्के चढावर ठेवलेला असतो. पुढे दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवले जातात आणि तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे अवघ्या सहा मिनिटांनंतर, बहुतेकांना धाप लागलेली असते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. पट्टा माणसाचे काम करून देत असता, तर हृदयावर मोजून-मापून ताण देण्यासाठी डॉक्टरांनी हेच यंत्र कशाला निवडले असते?

दुसरा मुद्दा हवेच्या विरोधाचा. यात तथ्याचा अंश आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेगाने धावणाऱ्याला तो जाणवतो. जोन्स आणि डाउस्ट यांच्या १९९६ च्या अभ्यासात असे आढळले की बाहेर धावण्याइतका खर्च ट्रेडमिलवर घडवायचा असेल, तर पट्ट्याला १ टक्का चढ द्यावा. हा अभ्यास धावण्याविषयीचा होता, आणि तोही ताशी १० किलोमीटरच्या वरच्या वेगांचा. ताशी ५-६ किलोमीटरने चालणाऱ्या माणसाला वारा नसताना हवा इतकी कमी अडवते की तिचा हिशेब धरण्याचे कारणच उरत नाही. समोरून जोराचा वारा असेल तेव्हाची गोष्ट निराळी, पण परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी असतो.

मात्र ‘दुप्पट’ हा शब्द पूर्णपणे निराधार नाही, आणि इथे संदेश लिहिणाऱ्याला जे सांगता आले असते ते त्याने सांगितलेले नाही. खर्च दुप्पट होतो तो पृष्ठभागामुळे आणि चढामुळे. कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत चालायला त्याच वेगाच्या कठीण जमिनीवरील चालण्यापेक्षा २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, असे बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये मोजले आहे. दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या उंचसखलपणानेही चालण्याचा खर्च सुमारे २८ टक्क्यांनी वाढतो, असे २०१३ च्या एका प्रयोगात दिसले. म्हणजे कोकणातल्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर चालणारा किंवा पुण्यातली वेताळ टेकडी पायवाटेने चढणारा माणूस खरोखरच अधिक कष्ट करतो. परंतु संदेश वाचून सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉकवर फेऱ्या मारणाऱ्याला यातले काहीही मिळत नाही.

उलट चढ ट्रेडमिलवर हवा तेवढा, हवा तितका वेळ मिळतो. व्यायामशास्त्रात चालण्याच्या खर्चासाठी जे प्रचलित सूत्र आहे, ते पट्टा आणि रस्ता दोन्हींना एकच लागू होते. त्यानुसार ७० किलो वजनाची व्यक्ती ताशी ५ किलोमीटरने ४५ मिनिटे सपाटीवर चालली, तर विश्रांतीच्या काळातही होणारा खर्च वगळून साधारण १३० कॅलरी खर्च होतात. तेच चालणे ५ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर उंची गाठत केले, तर हा आकडा २५० च्या आसपास जातो. ‘दुप्पट’ हवे असेल, तर ते घरातल्या यंत्रावर एका बटणाने साधते.

त्यासाठी मात्र पुढचा दांडा सोडावा लागतो, आणि ट्रेडमिलवाल्यांची खरी चूक इथे होते. कोणत्याही जिममध्ये संध्याकाळी पाहावे: चढ १२ वर ठेवलेला असतो, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला असतो, कोपरे ताठ असतात आणि सगळे शरीर मागे झुकून पट्ट्याशी काटकोनात आलेले असते. अशा स्थितीत शरीराचा काही भार हात पेलतात आणि चढाचे कष्ट बऱ्याच अंशी नाहीसे होतात. पडद्यावरचा कॅलरीचा आकडा मात्र चढाच्या हिशेबाने वाढत राहतो, कारण यंत्राला हातांचे काही कळत नाही. ज्याने वजनाची नोंदच केलेली नाही, त्याच्यासाठी यंत्र कोणते तरी ठरावीक वजन गृहीत धरते. त्या आकड्यावर विश्वास ठेवून रात्री एक पोळी जास्त खाणाऱ्याचे वजन उतरत नाही, आणि मग दोष पट्ट्याला दिला जातो. दांडा सोडून चालवत नसेल, तर चढ किंवा वेग कमी करावा. ज्यांचा तोल जातो किंवा ज्यांना चक्कर येते, त्यांनी आधारासाठी बोटे टेकवणे योग्यच आहे. त्यावर रेलू नये, एवढेच.

आणखी एक फरक वेगाचा आहे. वेग स्वतःच निवडायला सांगितला, तर माणसे ट्रेडमिलवर रस्त्यापेक्षा हळू चालतात, कारण आजूबाजूचे दृश्य सरकत नसल्याने तोच वेग अधिक वाटतो आणि कंटाळाही लवकर येतो. संदेशातल्या दाव्यामागे हा अनुभव असावा असे मला वाटते. त्याचे उत्तर सोपे आहे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतपत श्वास वाढला पाहिजे, ही कसोटी बाहेरही लावावी आणि पट्ट्यावरही.

घामाविषयी थोडक्यात. उन्हात चालून आल्यावर काटा अर्धा किलो कमी दाखवतो ते पाणी असते, आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर ते परत येते.

तिसरा दावा, उपाशीपोटी चालण्याचा, अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. रिकाम्या पोटी चालताना त्या वेळेपुरते इंधनातले चरबीचे प्रमाण वाढते हे खरे आहे. पण शरीर दिवसभरात तो हिशेब जुळवून घेते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० तरुणींना चार आठवडे सारखाच कमी कॅलरीचा आहार देण्यात आला; निम्म्यांनी उपाशीपोटी व्यायाम केला, निम्म्यांनी खाऊन. दोन्ही गटांत वजन आणि चरबी सारखीच उतरली. अभ्यास लहान होता हे मान्य, पण संदेशात म्हटल्यासारखे थेट पोटावरची चरबी वितळण्याचे चिन्ह त्यात कुठेच नव्हते. चरबी शरीरभरातून कमी होते. ती कुठून आधी जाईल हे चालण्याच्या वेळेवर ठरत नाही. ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हा सल्ला डॉक्टरांना न विचारता पाळला, तर रस्त्यातच साखर खाली जाऊ शकते. असा सल्ला ज्येष्ठांच्या गटात बिनदिक्कत पुढे पाठवला जातो, याचा मला राग येतो.

गुडघ्यांचा दावा तर उलटाच आहे. रायली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निरोगी लोकांच्या चालीची जमिनीवर आणि पट्ट्यावर तुलना केली, तेव्हा सांध्यांच्या हालचालींत आढळलेले फरक अगदी किरकोळ होते. बहुतेक यंत्रांचा तळ काँक्रीटपेक्षा थोडा दबणारा असतो. गुडघे दुखत असतील, तर तीव्र चढ, उतार आणि झिजलेले बूट यांच्याकडे आधी पाहावे.

आता सर्वात आकर्षक, आणि म्हणूनच सर्वात घातक वाक्य: आहार न बदलता महिन्यात ५ किलो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. पाच किलोंसाठी ३८,५०० म्हणजे रोज सुमारे १,२८० कॅलरींची तूट हवी. वर पाहिल्याप्रमाणे ४५ मिनिटांच्या सपाट चालण्यातून १३० मिळतात. महिनाभरात सुमारे ३,९००, म्हणजे फार तर अर्धा किलो. तोही तेव्हाच, जेव्हा चालून आल्यावर ‘आज व्यायाम झाला’ म्हणून हात सैल सुटत नाही. टेकडीवरून उतरताच खाल्लेल्या एका वडापावात अडीचशे ते तीनशे कॅलरी असतात, म्हणजे सपाटीवरच्या दोन दिवसांच्या चालण्याची कमाई तिथेच संपते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकेतही आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा कमी व्यायामाने वजनात नगण्य फरक, त्याहून अधिकने दोन-तीन किलोंची माफक घट आणि २२५ ते ४२० मिनिटांनी पाच ते साडेसात किलोंची घट, असे अंदाज दिले आहेत. आणि हे महिन्याचे नव्हे, अनेक महिन्यांचे हिशेब आहेत.

यावरून चालणे निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यांतल्या जवळजवळ सर्वांनी खाण्यात बदल केला होता, आणि वजन पुन्हा वाढू नये म्हणून ते सरासरी रोज तासभर व्यायाम करत होते; त्यात सर्वाधिक पसंती चालण्याला होती. वजन उतरवण्यात आहाराचा वाटा मोठा असतो आणि उतरलेले वजन टिकवण्यात चालण्याचा, असे मी म्हणेन. शिवाय रक्तदाब, साखर आणि झोप यांना चालण्याचा होणारा लाभ काट्यावरचा आकडा हलायच्या आधीच सुरू होतो.

अशा वेळी ‘ट्रेडमिल विका’ म्हणणे कोणाला भोवते? चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन भाजते. कोकणात जुलैमध्ये सलग पाऊस असतो. हिवाळ्यात मुंबई-पुण्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि वाहनांचा धूर तिच्यातच अडकून राहतो, म्हणून ज्या पहाटेला आपण शुद्ध समजतो ती पुष्कळदा दिवसातली सर्वात धुरकट वेळ असते. दमा असलेल्याने त्या वेळी रस्त्यालगत चालू नये. पदपथ नसलेल्या रस्त्यावर, भटक्या कुत्र्यांच्या आणि सोनसाखळी चोरांच्या भीतीने, घरातली कामे उरकून रात्री नऊनंतरच मोकळ्या होणाऱ्या बाईने कुठे चालायचे? तिच्यासाठी घरातला किंवा सोसायटीच्या जिममधला पट्टा हाच रस्ता आहे, आणि त्यावरचे तिचे प्रत्येक पाऊल शरीराच्या हिशेबात पूर्ण धरले जाते.

ज्यांच्या जवळ टेकडी, तळे किंवा झाडांखालची वाट आहे, त्यांनी अवश्य तिथेच जावे. तिथे मन रमते आणि पाय आपोआप वेग धरतात. ज्यांच्याकडे फक्त यंत्र आहे, त्यांनी पहिली पाच मिनिटे सपाटीवर हळू चालावे, मग चढ २-३ टक्क्यांवर ठेवून, दांडा सोडून, श्वास वाढेल इतक्या वेगाने अर्धा तास चालावे आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत जावे. छातीत दुखत असेल, चालताना दम अचानक लागत असेल किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल, तर चढ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. वजन रोज न बघता आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर करावे आणि सोबत कंबरेचा घेरही मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते.