अधिकृत भाषा आणि वर्षाचे 300 तास

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये 11 अधिकृत भाषा आहेत. ग्विचिन ही तिथली आदिवासी भाषा त्यांतली एक. 2014 मध्ये अलास्कानेही तिला अधिकृत ठरवलं. तरी ती सहज बोलणारे आज काही शेच, बहुतेक आजी-आजोबांच्या पिढीतले. आदिवासी मुलांना सक्तीने ठेवणाऱ्या निवासी शाळांनी मुलं घरापासून तोडली, आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा केल्या. ती मुलं आईबाप झाली तेव्हा घरात इंग्रजीच आली. दर्जाने ते उलटलं नाही. म्हणून 2024 च्या ऑक्टोबरपासून मराठीच्या अभिजात दर्जाचं महाराष्ट्रातलं समाधान इथून जरा जास्तच वाटतं.

इथला सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे एक जाणती आजी आणि एक तरुण अशी जोडी. पद्धत कॅलिफोर्नियातली, ब्रिटिश कोलंबियात तिचं उद्दिष्ट वर्षाला 300 तास. इंग्रजी बंद. मासे चिरा, कातडं खरवडा, दुकानात जा, पण बोलत राहा. परदेशातली मराठी शाळा रविवारी दोन तास, वर्षातले 35 रविवार धरली, तर होतात 70. मधल्या सुट्टीतल्या गप्पा इंग्रजीतच.

फसतं कुठे? शिकणारा 'याला काय म्हणतात' एवढंच विचारतो आणि वहीत रंग, आकडे, प्राणी साचतात. ग्विचिनचा जीव मात्र क्रियापदात आहे: कर्ता, काळ, शिवाय उचललेली वस्तू काठीसारखी की कापडासारखी, हेही त्यातच. वस्तू हातात घेतल्याशिवाय ते अंगवळणी पडत नाही.

दुसरी अडचण क्षुल्लक दिसते. ग्विचिनमध्ये त आणि थ यांखेरीज गळ्यातून झटका देऊन काढलेला तिसरा त आहे. तो रोमन अक्षरापुढे अपॉस्ट्रॉफी देऊन लिहितात. फोन ते सरळ चिन्ह परस्पर वाकडं करतो. डोळ्याला फरक जाणवत नाही, संगणकाला जाणवतो, आणि कोशात असलेला शब्द शोधून सापडत नाही. कोश संगणकावर चढवण्याआधीच सगळी चिन्हं एका कोडवर आणलेली बरी.

आठ कोटींवर लोकांच्या मराठीला ग्विचिनच्या रांगेत बसवणं हास्यास्पद आहे. ती जागा बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातल्या निहालीची: कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध न झालेली, जेमतेम दोन-अडीच हजारांची, कोरकू आणि मराठीकडे सरकणारी. पहिलीपासून तिसरी भाषा हवी का, यावर 2025 मध्ये महाराष्ट्र तापला, त्यात तिचं नाव माझ्या तरी कानावर आलं नाही. निहालीसाठी अशा दहा जोड्या, आजींना मानधन, तरुणांना पगार, तासांची हजेरीवही, एवढ्यावर सुरुवात होते. फक्त पैसा किमान तीन वर्षांचा एकदम मंजूर करा. दरसालच्या अनुदानावर सोडलात तर दुसऱ्या वर्षीच जोड्या मोडतील.