गॅसची ग्रिल सोडण्याआधी जागा पाहावी

चवीसाठी गॅसची ग्रिल काढून कोळशाची घ्यावी, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला अर्धाच पटला. भाजलेल्या पदार्थाला येणारा धुरकट वास बराचसा कोळशाचा नसून, तापलेल्या निखाऱ्यांवर टपकणारी चरबी, तेल आणि मसाल्याचा रस जळून उठणाऱ्या धुराचा असतो. त्यामुळे चिकन-मटणाच्या बाबतीत फरक ठळक जाणवतो, पण पनीर किंवा सिमला मिरची भाजणाऱ्यांना तो तितका जाणवेलच असे नाही. भरताच्या वांग्याची गोष्ट मात्र निराळी आहे. ते निखाऱ्यांत ठेवले की साल करपते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत सावकाश शिजतो.

त्या लेखात ज्याचा उल्लेखच नाही, तो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग आणि वास नसलेला विषारी वायू निघतो, म्हणून काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत शेगडी पेटवणे जिवावर बेतू शकते, आणि नाशिकच्या थंडीत उरलेले निखारे ऊब घेण्यासाठी खोलीत आणणे तर त्याहूनही घातक आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला शेत किंवा घरापुढे मोकळे अंगण असेल, आणि निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर येईपर्यंत 20-25 मिनिटे थांबण्याची तयारी असेल, तर कोळसा जरूर घ्यावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅसच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राखही पूर्ण थंड झाल्याशिवाय कचऱ्यात टाकू नये, कारण तिच्या पोटात निखारा बराच वेळ जिवंत राहतो.