सामोआत संसदेला कुलूप लागलं तेव्हा

"दोन लाखांचा देश, त्यांचं कसलं आलंय राजकारण!" पॅसिफिकमधल्या बेटांचा विषय निघाला की हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आज सविस्तर लिहितोच. राज्यघटना मोठी की सत्ता मोठी, परंपरेला कायद्यात किती जागा द्यायची, हे प्रश्न ज्यांना खरोखर महत्त्वाचे वाटतात त्यांनी सामोआचं २०२१ साल जरूर समजून घ्यावं.

९ एप्रिल २०२१ ला तिथे निवडणूक झाली. ५१ जागा. १९८० च्या दशकापासून जवळपास सलग सत्तेत असलेल्या एचआरपीपीला (पूर्ण नाव ह्यूमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी) २५ आणि जेमतेम वर्षभराच्या 'फास्ट' पक्षालाही २५. एक अपक्ष. तो अपक्ष फास्टकडे गेला तर फास्टच्या नेत्या फियामे नाओमी मताअफा देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार होत्या आणि १९९८ पासून पंतप्रधान असलेले एचआरपीपीचे तुइलाएपा घरी जाणार होते.

इथे जे झालं ते वाचून मला आजही संताप येतो. सामोआच्या घटनेत २०१३ पासून तरतूद आहे की संसदेत किमान दहा टक्के स्त्रिया हव्यात. कमी निवडून आल्या तर जास्तीच्या जागा निर्माण करून भरायच्या. चांगली तरतूद आहे. पाच स्त्रिया निवडून आल्या होत्या आणि ५१ चे दहा टक्के होतात ५.१. निवडणूक आयुक्तांनी ठरवलं की मग सहा हव्यात, आणि एचआरपीपीच्या एक बाई सहाव्या म्हणून नेमल्या. अपक्ष फास्टकडे गेला तेव्हा झालं २६-२६. स्त्रियांना संसदेत आणण्यासाठी केलेलं कलम पहिल्या महिला पंतप्रधानाला रोखायला वापरलं गेलं.

राष्ट्रप्रमुखांनी मग फेरनिवडणूक जाहीर केली. सुप्रीम कोर्टाने ती नेमणूकही रद्द केली आणि फेरनिवडणूकही. घटनेप्रमाणे निवडणुकीनंतर ४५ दिवसांत संसद भरलीच पाहिजे, म्हणजे शेवटचा दिवस २४ मे, सोमवार. शनिवारी रात्री राष्ट्रप्रमुखांनी अधिवेशन स्थगित केलं. कारण काय? ते यथावकाश सांगण्यात येईल! रविवारी कोर्ट बसलं. सामोआत रविवार म्हणजे चर्च आणि घरचं जेवण, सगळा देश थांबलेला असतो. त्या दिवशी कोर्ट बसलं आणि ती स्थगिती बेकायदा ठरवली.

सोमवारी सकाळी संसदेला कुलूप. सरन्यायाधीश सातिउ सिमातिवा पेरेसे आपल्या सहकारी न्यायाधीशांसह, झगे घालून, चालत संसदेच्या दारापर्यंत गेले. दार बंद आहे हे स्वतः पाहिलं आणि परत फिरले. मी ऑकलंडला राहतो. न्यूझीलंडमध्ये सामोअन लोक दोन लाखांच्या वर आहेत, जवळजवळ सामोआत आहेत तेवढेच. माझी एक सहकारी सवाई बेटावरची. त्या दिवशी कँटीनमध्ये ती आणि तिच्या दोन बहिणी एका फोनवर डोकी जोडून फेसबुक लाइव्ह बघत होत्या. न्यायाधीश चालताना दिसले तेव्हा तिघींपैकी कोणीही काही बोललं नाही. कोविडमुळे सीमा बंद, जाणं शक्य नव्हतं, आणि परदेशातून मतदानाची सोय सामोआत नाही. घरी दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्या या बायकांना त्या निवडणुकीत मत देता आलेलं नव्हतं.

संध्याकाळी फास्टच्या लोकांनी संसदेसमोरच्या हिरवळीवर मांडव घातला, खुर्च्या मांडल्या आणि तिथेच शपथविधी उरकला. तुइलाएपा त्याला देशद्रोह म्हणाले. पुढचे दोन महिने देशात दोघेजण स्वतःला पंतप्रधान म्हणवत होते. २३ जुलैला अपील कोर्टाने (सामोआत ते सुप्रीम कोर्टाच्याही वरचं) निकाल दिला की मांडवातला शपथविधी कायदेशीर होता आणि सरकार फास्टचंच आहे. (स्त्रियांच्या कलमाचा अर्थ 'किमान सहा' असाच लागतो, पण तो हिशेब पोटनिवडणुका झाल्यावर करायचा, असं याच कोर्टाने त्याआधी जूनमध्ये सांगितलं होतं.) तुइलाएपांनी आदळआपट केली, पण खुर्ची सोडली. कुठे गोळी चालली नाही, लष्कर रस्त्यावर आलं नाही. सामोआला लष्करच नाही.

हे सगळं निभावलं ते अखेरचा शब्द सांगणारं एकच कोर्ट होतं म्हणून, आणि त्याचा शब्द शेवटी सगळ्यांनी मानला म्हणून. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्याच्या आदल्याच डिसेंबरात तुइलाएपा सरकारने नेमकी हीच गोष्ट पोखरली होती.

सामोआत सुमारे ८० टक्के जमीन विस्तारित कुटुंबांच्या सामाईक मालकीची आहे. प्रत्येक कुटुंबाचा एक किंवा अधिक 'मताई' असतो, म्हणजे पदवी धारण करणारा कुटुंबप्रमुख. जमीन त्याच्या देखरेखीखाली असते आणि गावाचा कारभार मताईंची सभा बघते. या पदव्यांचे आणि जमिनींचे तंटे सोडवायला वेगळं न्यायालय आहे. २०२० च्या तीन कायद्यांनी ते न्यायालय सुप्रीम कोर्टापासून तोडून त्याला स्वतःची वेगळी उतरंड दिली. त्याच्या निकालाने तुमच्या मूलभूत हक्कावर गदा आली तरी सुप्रीम कोर्टात जायची वाट बंद. वेगळी प्रार्थनासभा भरवली म्हणून गावाने कुटुंबं वाळीत टाकली, हद्दपार केली, अशी प्रकरणं सामोआत घडली आहेत आणि त्यांना सुप्रीम कोर्टानेच न्याय दिला आहे. त्या माणसांनी आता कुठे जायचं?

सरकारचं म्हणणं होतं की पाश्चात्त्य व्यक्तिवादापासून आपली परंपरा वाचवायची आहे. वसाहतवाद भोगलेल्या देशाची ही भावना मी हलकी मानत नाही. पण याच कायद्यांवरून उपपंतप्रधानपद सोडून बाहेर पडल्या त्या फियामे. त्यांचे वडील देशाचे पहिले पंतप्रधान, घराणं देशातल्या सर्वांत मानाच्या घराण्यांपैकी, आणि 'फियामे' ही वडिलांची पदवी त्यांना विशीत, याच पदव्यांच्या न्यायालयात झगडून मिळालेली. परंपरा त्यांना शिकवायची गरज नव्हती. परंपरा जपायची म्हणून तिला कोर्टाच्या आवाक्याबाहेर न्यावं लागतं, हे मला मुळातच मान्य नाही. ज्यांच्या हातात ती असते त्यांचीच मग ती होऊन बसते.

आणि मताईपणाच्या अटीचं काय? १९६२ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा जवळपास सगळ्याच जागांसाठी मत देण्याचा हक्कही फक्त मताईंना होता. १९९० च्या सार्वमतानंतर २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं, उमेदवारी मात्र आजही फक्त मताईलाच. शिवाय गावाची 'मोनोतांगा', म्हणजे सेवा, केलेली असली पाहिजे: चटया, अन्न, पैसा, गावाच्या कामात हजेरी. कुणी किती दिलं यावर निवडणुकीच्या तोंडावर कोर्टात साक्षी होतात. समर्थक सांगतात की मताई कुटुंबाला उत्तरदायी असतो, वाईट वागला तर पदवी जाते. यात तथ्य आहे. माझी सहकारी हेच अभिमानाने सांगते. पण काही गावं बाईला मताई मानतच नाहीत. तिथली बाई कितीही लायक असो, गावाच्या नावावर संसदेत जाणार कशी? दहा टक्क्यांचं कलम लागतं ते म्हणूनच.

पुढे फास्टही फुटला. जानेवारी २०२५ मध्ये फियामेंनी पक्षाध्यक्ष लाआउली श्मिट यांना मंत्रिमंडळातून काढलं, पक्षाने फियामेंनाच काढलं. त्या दोन अविश्वास ठरावांतून वाचल्या, पण मे महिन्यात अर्थसंकल्प पडला. ऑगस्टमध्ये निवडणूक झाली, फास्टला ३० जागा मिळाल्या, फियामेंच्या नव्या पक्षाला फक्त तीन, आणि श्मिट पंतप्रधान झाले. मला वाईट वाटलं, पण संसदेला कुणी कुलूप लावलं नाही.

आता जमिनीच्या आणि पदव्यांच्या खटल्यात मूलभूत हक्काचा प्रश्न आला तर सुप्रीम कोर्टाचं दार पुन्हा उघडलं पाहिजे. त्यासाठी घटनादुरुस्ती हवी, म्हणजे संसदेत दोन तृतीयांश मतं. निवडणुकीत एकट्या फास्टला तेवढ्या जागा मिळालेल्या नाहीत. ज्या एचआरपीपीने हे कायदे आणले तिच्याशीच बसून बोलावं लागेल, आणि श्मिट यांनी ते याच कार्यकाळात करावं.