केनसिंग्टन करार हा व्यापार करार नव्हे

‘जर्मनीने युरोपीय संघाला बाजूला सारून ब्रिटनशी स्वतंत्र मुक्त व्यापार करार केला. आयातशुल्क शून्यावर आलं, ब्रेक्झिट (ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं) मागच्या दाराने गुंडाळलं गेलं, आता एका देशाचा व्हिसा दुसऱ्या देशातही चालणार.’ असा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. 17 जुलै 2025 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर आणि जर्मनीचे चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्त्स यांनी मैत्री करारावर, म्हणजेच केनसिंग्टन करारावर, सह्या केल्या, एवढं खरं आहे. त्यापुढचं एकेक तपासू.

मुळात जर्मनीला असा व्यापार करार करताच येत नाही. युरोपीय संघाच्या कामकाजाविषयीच्या कराराची कलमं 3 आणि 207 पाहा. परदेशांशी व्यापाराचं धोरण ठरवणं हे सर्वस्वी संघाचं काम. वाटाघाटी ब्रसेल्समधला युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी यंत्रणा, करतो आणि शुल्काचा दर सगळ्या 27 देशांना एकच असतो. ब्रिटिश मालावरचं शुल्क एका युरोने हलवण्याचाही अधिकार बर्लिनकडे नाही.

‘शुल्क शून्यावर आलं’ म्हणणाऱ्यांनी तारखा बघितलेल्या दिसत नाहीत. 30 डिसेंबर 2020 रोजी सह्या झालेल्या ब्रिटन-युरोपीय संघ कराराने 1 जानेवारी 2021 पासूनच ही सवलत दिली आहे. अट एवढीच की माल खरोखर तिथलाच आहे हे उगमाच्या नियमांनुसार दाखवता आलं पाहिजे.

व्यापाऱ्यांना घोर लागलाय तो कागदपत्रांचा. ब्रिटनमधला चेडर चीज जर्मनीला पाठवायचा तर अधिकृत पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, मालाची आगाऊ नोंद संघाच्या संगणक प्रणालीत करावी लागते आणि सीमेवरच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबते. मोठी कंपनी हा खर्च पचवते. छोट्या चीजवाल्याला एका पेटीसाठी तो परवडत नाही. ही जाचक पद्धत सोपी करायची बोलणी लंडन आणि ब्रसेल्स यांच्यात आहेत. 19 मे 2025 च्या शिखर बैठकीत तसं तत्त्वतः ठरलं. केनसिंग्टनमध्ये यातलं काही सुटलेलं नाही, आणि ब्रिटन आजही युरोपीय संघाच्या सीमाशुल्क संघाच्या (आपसात शुल्क नाही, बाहेरच्यांना एकच दर) आणि एकल बाजारपेठेच्या (मालासाठी सगळीकडे समान नियम) बाहेरच आहे. ब्रेक्झिट गुंडाळलं म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

मग करारात आहे तरी काय? आर्थिक सहकार्याचं प्रकरण आहे, पण त्यात शुल्काचे दर नाहीत. खरा भर संरक्षणावर. एकावर सशस्त्र हल्ला झाला तर दुसरा लष्करी मदतीसह धावून येईल असं कलम आहे, बॉक्सर चिलखती वाहनं आणि टायफून विमानं इतर देशांना विकण्यासाठी एकत्र प्रयत्न करण्याचं ठरलंय. ब्रिटनमध्ये स्थलांतरितांना बेकायदा घुसवणाऱ्या तस्करांवर कारवाई करता यावी म्हणून कायदा बदलण्याचं जर्मनीने कबूल केलं. फ्रान्स आणि ब्रिटनमधली इंग्लिश खाडी ओलांडायला हे तस्कर वापरत असलेल्या छोट्या बोटी जर्मनीतल्या गोदामांतून जात होत्या, हे त्यामागचं कारण. यात नाटोला पर्याय शोधणं कुठेच नाही. दोघेही नाटोत आहेत आणि करार त्याच चौकटीला धरून आहे.

व्हिसाचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण आपली कितीतरी मुलं जर्मनीत शिकतायत. सवलत ठरली ती शालेय सहलींच्या गटांसाठी, शिवाय नेहमी ये-जा करणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना जर्मन विमानतळांवरची पासपोर्ट तपासणीची स्वयंचलित दारं वापरू देण्याची. म्युनिकला शिकणाऱ्या पुण्याच्या मुलाला लंडनला जायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळाच काढावा लागेल. असल्या मजकुरावर विसंबून त्याने तिकीट काढलं, तर विमानात चढायच्या आधीच त्याला परत फिरवतील.

गोंधळाचं एक कारण मात्र समजू शकतं. बरोबर आठवड्याने, 24 जुलैला, भारत आणि ब्रिटनने खराखुरा व्यापार करार केला. ब्रिटन संघाबाहेर असल्यामुळेच तो एकट्याने करू शकला. जर्मन बाजारपेठेसाठी भारताला ब्रसेल्सशीच बोलावं लागतं. म्हणून नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांनी जर्मनीचा आणि ब्रिटनचा माल एकाच हिशेबात धरू नये. दोन्हीकडचं शुल्क वेगळं आणि कीटकनाशकांच्या अंशांच्या मर्यादाही आता स्वतंत्रपणे ठरतात. कंटेनर भरण्याआधी दोन्ही याद्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतील.